चूल न पेटवता चैत्राचं हळदीकुंकू

घरात असाल तर काम करता करता ऐका, शेतात असाल तर बांधावर बसून ऐका, आणि पहिली पाळी संपवून नुकत्याच आला असाल तर आधी पाणी प्या, मग ऐका. आज आम्ही दोन गोष्टींबद्दल बोलणार आहोत. एक, उन्हाळ्यात गॅस न पेटवता पोटभर काय खाता येईल. आणि दुसरी, फारसा खर्च न करता सणाला घर कसं सजवता येईल. गोष्टी दोन वाटतात, पण आपल्या आज्या-पणज्यांनी त्या एकाच दिवशी एकत्र बसवून ठेवल्या आहेत. तो दिवस म्हणजे चैत्रातलं हळदीकुंकू.

आपलं कुरुळी कसं आहे, ते तुम्हाला सांगायला नको. मोशीवरून इंद्रायणी ओलांडली, नाशिक रस्त्याने चाकणकडे निघालं की एकीकडे कांद्याची शेतं आणि दुसरीकडे कंपन्या. मधल्या जागेत चाळी, आणि बऱ्याच चाळींना पत्रा. एकच खोली, तिच्यातच गॅस, तिच्यातच झोपणं, तिच्यातच पोरांचा अभ्यास. एप्रिलच्या दुपारी वरून पत्रा तापतो आणि खालून शेगडी. रात्रपाळीचा माणूस त्याच खोलीत दिवसा झोपायचा प्रयत्न करत असतो. अशा खोलीत दुपारी बारा वाजता चपात्या लाटायला बसणं हा नुसता त्रास नाही, तब्येतीला धोका आहे. उष्णतेच्या लाटेत भर दुपारी स्वयंपाक टाळा आणि करावाच लागला तर दारं-खिडक्या उघड्या ठेवा, असं राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणही सांगतं. पण स्वयंपाक टाळायचा तर खायचं काय, हा प्रश्न शेवटी आपल्याच पदरात पडतो.

गौर माहेरी येते तेव्हा

चैत्र शुद्ध तृतीयेला गौर माहेरी येते आणि वैशाख शुद्ध तृतीयेला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला, सासरी परत जाते, अशी आपली समजूत. हा महिनाभर तिला झोपाळ्यात बसवायचं, तिचे लाड करायचे आणि सोयीचा एखादा दिवस, बहुतेक करून मंगळवार किंवा शुक्रवार, बघून आयाबायांना हळदीकुंकवाला बोलवायचं. गंमत म्हणजे राजस्थानातली गणगौर याच तृतीयेला निरोप घेते. आपल्या चाळीत राजस्थानची कुणी वहिनी असेल तर तिला विचारा. तिची गौर जाते त्याच दिवशी आपली येते.

आता या हळदीकुंकवाला काय असतं, ते आठवा. आंब्याची डाळ, कैरीचं पन्हं, काकडी, कलिंगड आणि ओटीत भिजवलेले हरभरे. नीट बघितलं तर यात फोडणी आणि पन्ह्याच्या कैऱ्या उकडणं सोडलं तर विस्तवाचं काम नाही. गौर माहेरवाशीण असते, आणि माहेरवाशिणीला ऐन उन्हात चुलीपुढे बसवायचं नसतं. मग आपल्यालाही महिनाभर तेवढी सवलत घ्यायला काय हरकत आहे?

ज्यांच्याकडे गौर बसत नाही त्यांनी हे आपलं नाही म्हणून रेडिओ बंद करू नका. पाडवा असो, रामनवमी असो, भीमजयंती असो की नुसती पोरांची सुट्टी, हे पदार्थ आणि ही सजावट सगळीकडे चालते.

पाच पदार्थ

पहिली आंब्याची डाळ. दोन वाट्या हरभऱ्याची डाळ चार-पाच तास भिजवा. पाणी पूर्ण निथळू द्या. मग पाणी न घालता जाडसर वाटा, अगदी पेस्ट नको. एका मध्यम कैरीचा कीस, दोन-तीन हिरव्या मिरच्या, मीठ, चमचाभर साखर, ओलं खोबरं आणि कोथिंबीर घालून कालवा. वरून तेल, मोहरी, हिंग, हळदीची फोडणी. तेवढ्यासाठी गॅस दोन मिनिटं लागतो. तोही नको असेल तर सकाळी चहाच्या वेळीच फोडणी करून वाटीत गार करून ठेवा. ही डाळ कच्ची असते, म्हणून वाटीभरच खायची. ताटभर खाल्ली तर पोट धरून बसावं लागतं.

दुसरं पन्हं. नेहमी आपण कैऱ्या उकडतो. न उकडता करायचं असेल तर कैरी किसा, किसाच्या बरोबरीने चिरलेला गूळ आणि थोडं मीठ घालून तासभर झाकून ठेवा. गुळाला पाणी सुटतं. मग हाताने चांगलं कुस्करा, किसाच्या चौपट-पाचपट गार पाणी घाला, गाळा आणि वेलदोडा टाका. उकडलेल्या पन्ह्यापेक्षा हे पातळ आणि जरा जास्त आंबट लागतं. कैरी फार आंबट असेल तर गूळ वाढवा. पाणी मात्र उकळून गार केलेलं किंवा फिल्टरचंच घ्या, कारण पुढे हे काही शिजणार नाही.

तिसरे दडपे पोहे. जेवणाच्या जागी चालतील असे हेच. चार जणांसाठी चार-पाच वाट्या पातळ पोहे चाळून घ्या. त्यात एक बारीक चिरलेला कांदा, एक काकडी कोचवून तिच्या पाण्यासकट, वाटीभर ओलं खोबरं, मिरची, मीठ, साखर, लिंबू आणि भाजलेल्या दाण्यांचा जाडसर कूट घाला. नारळाचं पाणी असेल तर तेही शिंपडा. सगळं कालवून वर ताटली ठेवा आणि ताटलीवर पाण्याचा भरलेला तांब्या. पंधरा-वीस मिनिटं असे दडपले की पोहे मऊ होतात, म्हणूनच त्यांना दडपे म्हणायचं. पोहे हे मुळात भात भिजवून, भाजून, कांडून केलेले असतात. त्यांचं शिजायचं काम दुसऱ्याच्या भट्टीवर आधीच झालेलं असतं. कुरमुरे, डाळं, भाजलेले दाणे, मेतकूट यांचंही तसंच. उन्हाळ्याचं वाणसामान भरताना ही यादी लक्षात ठेवा.

चौथा सातू. आपल्याकडे गहू आणि डाळं भाजून दळतात, आणि गूळ-पाण्यात किंवा दुधात कालवून खातात. बिहारकडचा सत्तू नुसत्या भाजलेल्या हरभऱ्याचा. आपल्या शेजारणीकडून आम्ही तो शिकलो. ग्लासभर गार पाण्यात दोन मोठे चमचे सत्तू, मीठ, लिंबू, बारीक कांदा आणि भाजलेल्या जिऱ्याची पूड. कामावर जाताना हा प्यायला तर दुपारपर्यंत भूक लागत नाही. त्यांच्याकडे १४ एप्रिलच्या सुमारास सतुआन नावाचा सणच असतो. त्या दिवशी सत्तू आणि कैरीची चटणी खायची. आणि मिथिलेत त्याच्या दुसऱ्या दिवशी जुडशीतल. त्या दिवशी चुलीला विश्रांती असते आणि मोठी माणसं लहानांच्या डोक्यावर गार पाणी घालून आशीर्वाद देतात. म्हणजे बघा, हजार-दीड हजार किलोमीटरवरच्या बाईलाही चैत्र-वैशाखात चुलीपासून लांब राहायची तीच युक्ती सुचली.

पाचवं, सगळ्यात सोपं. पहाटे, पत्रा गार असताना भाकरी थापून ठेवायच्या. दुपारी भाकरी, ताक, आणि कांदा-कैरी एकत्र ठेचून त्यात तिखट-मीठ-गूळ. याला पाककृती म्हणायची नाही, पण कांदा आणि भाकरी घरात असताना बाहेरून वडापाव आणायची गरज उरत नाही. शेजारी काकडीची कोशिंबीर दाण्याचा कूट घालून केली की पोरंही खातात.

न शिजवलेलं लवकर बिघडतं

आता आमची एक चूक सांगतो, तुम्ही ती करू नका. पहिल्या वर्षी आमच्या गटाने मिळून हळदीकुंकू केलं. घाई नको म्हणून सकाळी दहालाच डाळ वाटून, कैरी घालून पातेलं झाकून ठेवलं. बायका आल्या संध्याकाळी पाचला. डाळीला जरा आंबूस वास येत होता. कैरीचाच असेल, असं म्हणून आम्ही वाढली. रात्री आमच्यातल्या तिघींची पोटं बिघडली, आणि एकीच्या सासूबाईंना सलाईन लावावं लागलं. दुसऱ्या दिवशी कुणी आम्हाला बोल लावला नाही, पण आमची आम्हालाच लाज वाटली.

तेव्हापासून आम्ही घड्याळ लावून काम करतो. कालवलेला ओला पदार्थ बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवायचा नाही. खोलीत बत्तीस अंशांच्या वर उकाडा असेल तर एक तासच. आणि पत्र्याच्या खोलीत उन्हाळ्याच्या दुपारी बत्तीसच्या वरच असतं, हे धरून चाला. डाळ दुपारी बाराला भिजत घालायची, पाणी एकदा बदलायचं, साडेचारला वाटायची, पाचला वाढायची. फ्रिज नसेल तर भिजती डाळ माठाच्या शेजारी ओल्या फडक्याखाली ठेवा. उरलेली डाळ उद्यासाठी ठेवू नका. त्याच रात्री परतून टाका किंवा तिचे वडे तळा.

बर्फाचंही तसंच. गाडीवरचा बर्फ खाण्याचा असतोच असं नाही. खाण्यासाठी नसलेल्या बर्फात निळा रंग घालायचा नियम २०१८ साली आला, तो यासाठीच. निळसर लादी दिसली तर ती पन्ह्यात घालायची नाही. आणि पांढरा बर्फ कुठल्या पाण्याचा, हेही आपल्याला दिसत नाही. त्यापेक्षा माठ बरा. माठात वाळा टाकला की पाण्याला वासही छान येतो.

गरोदर बायका, अगदी लहान मुलं आणि म्हाताऱ्या माणसांना कच्चे मोड किंवा कच्ची डाळ देऊ नका. त्यांना पन्हं, ताक, दहीपोहे द्या. मधुमेह असेल तर पन्ह्याऐवजी बिनसाखरेचं ताक. उन्हाने थकून कुणाला जुलाब-उलट्या झाल्या तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ विरघळवून घोट घोट पाजा. माणूस बरळायला लागला, अंग तव्यासारखं तापलं, शुद्ध हरपायला लागली तर मात्र पन्ह्याने भागणार नाही. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी ओतू नका. त्याला सावलीत घ्या, कपडे सैल करा, अंग ओलं करून वारा घाला आणि १०८ ला फोन करा.

आरास घरातल्याच वस्तूंची

आता सजावट. दुकानात गेलं की झगमगीत वस्तू दिसतात आणि वाटतं, याशिवाय सण होणार नाही. पण चैत्रगौरीची आरास मुळात घरातल्याच वस्तूंची असते.

आधी पायऱ्या. पत्र्याचे डबे उतरंडीसारखे मांडा. खाली धान्याने भरलेले जड डबे, वर हलके. त्यावर एक धुतलेली साडी पसरा, झाल्या पायऱ्या. मागे भिंतीला दुसरी साडी चुण्या घालून लावा. भाड्याच्या खोलीत खिळा मारता येत नाही, तेव्हा दोरी खिडकीच्या गजापासून कपाटाच्या कडीपर्यंत बांधा. वरच्या पायरीवर गौर. झोपाळा नसेल तर लहान पाटाला चार दोऱ्या बांधून टांगा, किंवा सूप रंगवून त्यात बसवा.

मग हिरवळ. हळदीकुंकवाच्या आठ दिवस आधी मूठभर गहू रात्रभर भिजवा, आणि नारळाच्या करवंट्यांत ओल्या मातीवर पसरा. दिवसातून दोनदा पाणी शिंपडा. आठवड्यात बोटभर उंचीची हिरवीगार शेतं तयार होतात. हे काम पोरांवर सोपवा. सुट्टीत ती रोज उठून पट्टीने मोजतात. सण झाला की शेळीला घाला.

आणि चैत्रांगण. ही खास या महिन्याची रांगोळी. मधोमध झोपाळ्यातली गौर, भोवती सूर्य, चंद्र, तुळशीवृंदावन, शंख, चक्र, कमळ, गोपद्मं, कासव, नाग, हत्ती, मोर, आंबा, नारळ, करंडा, फणी, लक्ष्मीची पावलं. पूर्वी सारवलेल्या अंगणात ती पांढऱ्या रांगोळीने काढत आणि हळदीकुंकू वाहत. आता अंगण कुठून आणायचं? आम्ही वाण्याकडून मोठं पुठ्ठ्याचं खोकं आणलं, उलगडून सपाट केलं, त्याला गेरू पाण्यात कालवून दोन हात दिले आणि वाळल्यावर तांदळाच्या पिठाच्या ओल्या रांगोळीने काढलं. कुणाच्या पायाने पुसत नाही, घरमालकाची फरशी खराब होत नाही आणि पाणीटंचाईत धुवायचं काम नाही. गादीखाली सपाट ठेवलं की पुढच्या वर्षीही चालतं. एक मात्र सांभाळा. कंपनीतली तेलकट, रसायनांचे डाग पडलेली खोकी घरात, तीही खाण्याच्या वस्तूंजवळ, आणू नका. थर्माकोलची मखरंही नकोत. राज्यात २०१८ पासून त्यांच्यावर बंदी आहे.

चैत्रांगणात आम्ही आमच्याही चार खुणा काढतो. नव्या बायकांनी एकदा विचारलं, यात एसटी काढली तर चालेल का? का नाही चालणार! पणज्यांनी त्यांच्या रोजच्या जगण्यातली फणी आणि करंडा काढला. आपण आपली बस, आपला डबा आणि बिहारच्या वहिनीने तिच्याकडचे मासे काढले.

तोरणाला आंब्याची पानं आणि मोगरा पुरे. पानं झाडाच्या मालकाला विचारून घ्या आणि कोवळा पालवीचा शेंडा तोडू नका. कलिंगडाचं कमळ, काकडीची फुलं आरासेत सुंदर दिसतात, पण कापलेल्या फळाला तासाचाच नियम. पाहुण्या यायच्या थोडं आधी कापा, आणि आरास बघून झाली की वाटून टाका. दिवा साडीच्या पडद्यापासून हातभर लांब, आणि गॅसच्या नळीपासून त्याहून लांब.

बोलवायचं कुणाला?

शेवटची गोष्ट सांगताना आम्हालाच जड जातं, पण सांगायला हवी. एका वर्षी आमच्यातली एक ताई, जिचे यजमान गेल्याला दोन वर्षं झाली होती, ती दुपारभर आमच्याबरोबर होती. तिने कैऱ्या किसल्या, नारळ खवले, पुठ्ठ्यावर गेरू लावला. बायका यायला लागल्या तशी, "पोराला बघून येते," म्हणून गेली ती परत आलीच नाही. रात्री आम्ही तिच्याकडे डाळीची वाटी पाठवली. वाटी दुसऱ्या दिवशी धुऊन परत आली. तिला जा असं आमच्यातलं कुणीच म्हणालं नव्हतं. पण ये, बस, असंही कुणी म्हणालं नव्हतं.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातलं हेरवाड तुम्ही ऐकलं असेल. मे २०२२ मध्ये त्या गावच्या ग्रामसभेने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं, जोडवी काढणं बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनीही हेरवाडचा कित्ता गिरवावा असं परिपत्रक काढलं. ठराव गावाचा, परिपत्रक सरकारचं. पण हळदीकुंकवाच्या दारात कुणाला उभं ठेवायचं आणि कुणाला आत घ्यायचं, हे ठरवणाऱ्या आपणच.

आम्ही ठरवलं. पुढच्या वर्षी आम्ही दोघी-तिघी आदल्या दिवशी तिच्या खोलीवर गेलो आणि सांगितलं, "ताई, उद्या पहिली ओटी तुमची." ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी पोराचा हात धरून आली. एका आजींनी जरा नाक मुरडलं. मग दुसऱ्या आजींनीच तिला जवळ बसवून पन्ह्याचा पेला दिला. ज्यांना कुंकू लावून घ्यायचं नसेल त्यांना मोगऱ्याचं फूल द्यायचं, अशीही पद्धत आम्ही ठेवली. आमच्या मुस्लिम, ख्रिस्ती, बौद्ध मैत्रिणीही येतात. ओटीतले हरभरे सगळ्यांना सारखेच. घरी जाऊन दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांची उसळ करायची, म्हणजे वायाही जात नाहीत.

तेव्हा मैत्रिणींनो, या चैत्रात एवढं करून बघा. दुपारची शेगडी बंद ठेवा. डाळ वेळेवर वाटा. डब्यांच्या पायऱ्या करा. आणि बोलावण्याची यादी करताना, आपल्या चाळीतली कोणती बाई दरवर्षी "पोराला बघून येते" म्हणून जाते, ते आठवा. तिचं नाव सगळ्यांत वर लिहा.

बराच वेळ झाला. आमचं पन्हं मुरलं असेल आता. नमस्कार.